दहा मिनिटांचा रूळ

वाकड चौकात मान वर केली की हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोचा मार्ग दिसतो, आणि इकडची रुळांची सगळी चर्चा तिथेच अडकते. भोसरी-चाकण पट्ट्यातल्या काही ओतशाळांत जमिनीत बसवलेला, जवळपास माथेरानच्या गाडीएवढ्या रुंदीचा रूळ मात्र कुणाच्या गणतीत नाही. त्याला स्टेशन नाही, बहुधा इंजिनही नाही. चार चाकांची ट्रॉली, तिच्यावर साच्यांच्या पेट्या किंवा लॅडल, म्हणजे वितळलेल्या लोखंडाचे भांडे, आणि मागून ढकलणारा हेल्पर. मागच्या पिढीचे उरलेले सामान म्हणून त्याच्याकडे पाहतात. मला ते पटत नाही. लोखंडाचा रस हलवायला रूळ आजही शहाणपणाचा आहे. जुनाट आहे ते मागून ढकलणे.

लोखंडाच्या रसाचे एक लिटर सात किलोच्या आसपास भरते. म्हणजे अर्धा टन रस जेमतेम सत्तर लिटर. दिसायला थोडा, पण चौदाशे अंशांच्या घरात तापलेला. त्यात एसजी आयर्न, म्हणजे गोळीदार ग्रॅफाइटचे लोखंड, असेल तर घड्याळही मागे लागते. रसात मॅग्नेशियम घातले की त्याचा गुण लगेच उतरायला लागतो, आणि शॉपवर सांगतात तो हिशेब दहा मिनिटांचा. त्या दहा मिनिटांत स्लॅग काढायचा, तापमान बघायचे, लॅडल लाइनवर न्यायची आणि शेवटचा साचा भरायचा. उशीर झाला की ग्रॅफाइटचे गोळे नीट बनत नाहीत. कास्टिंग वरून गुळगुळीत, आतून कच्चे. असल्या घाईच्या रसाला पहिल्या पाळीत जो रस्ता तोच तिसऱ्या पाळीत लागतो. फोर्कलिफ्ट कुठेही वळते, अशी तिची तारीफ होते. इथे तोच तिचा दोष. उखडलेल्या कोब्यावर ती हिंदकळते, अचानक ब्रेक लागला की रसही हिंदकळतो, आणि रबरी टायर ओढायला लोखंडी चाकाच्या कितीतरी पट जोर खातो. ओव्हरहेड क्रेन उत्तम, पण तिचा भार पेलणारे खांब छोट्या शेडला कुठून आणायचे? शिवाय रस माणसांच्या डोक्यावरून जातो तो जातोच. रूळ अरुंद म्हणून दुय्यम ठरत नाही, हे आपल्याकडे १८९७ मध्येच दिसले होते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी बार्शी लाइट रेल्वेला अडीच फुटी रूळ घातला, दर आसावर पाच टनांची मर्यादा ठेवली आणि बोजा जास्त आसांवर वाटून दिला.

रुळाचे गुण गाताना त्याची खाच विसरून चालत नाही. साच्यांची काळी वाळू तिच्यात सतत भरते. ओतकाम सुरू होण्याआधी हेल्पर लोखंडी सळीने ती उकरतो, हाताने बाजूला सारतो, आणि सांध्यापाशी जरा जास्त वेळ थांबतो. कारण चाक सांध्यावर आपटले की रसावर लाट उठते आणि लॅडलच्या ओठावरून थेंब खाली पडतो. खाली ओल असेल तर तो थेंब फुटतो. मग हेल्पर ट्रॉलीला खांदा लावतो. स्वच्छ, सरळ रुळावर एक टन हलवायला कागदावर मोजकेच किलो पुरतात, आणि ‘एकदा चालली की हलकी’ हे सुपरवायझरचे म्हणणेही खोटे नाही. पण साच्यासाच्याला थांबणारी ट्रॉली चालते कधी? ती दर वेळी नव्याने सुटते, आणि सगळा जोर त्या पहिल्या धक्क्याला जातो. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३४ ने इजा होईल असा भार उचलायलाच नव्हे, हलवायलाही लावू नये असे म्हटले होते. ढकलणे हे हलवणेच की. मोटर बसवली तर हेल्परचा रोजगार जाईल, हा आक्षेप मात्र त्याच्या कमरेपेक्षा ओतशाळेच्या खिशाची काळजी करणारा वाटतो. ट्रॉलीला गिअरची मोटर आणि हातात बटणांची पेटी दिली तरी रस्ता बघायला, सांधा तपासायला, खाच उकरायला माणूस लागतोच. ढकलणारा ठेकेदाराचा असला की त्याच्या कमरेचे बिल ओतशाळेच्या वहीत चढत नाही, म्हणून मोटर महाग दिसते. ती बसली की दहा मिनिटे तीच राहतील, खाचही रोज उकरावी लागेल. फक्त लॅडल छातीशी घेऊन चालायची पाळी त्याच्यावर येणार नाही.