विक्रीपूर्व अंतर्गत रंगकाम

विक्रीपूर्व अंतर्गत रंगकाम म्हणजे राहते घर विक्रीस काढण्यापूर्वी त्याच्या आतील भिंती, छत व लाकूडकाम यांना नव्याने रंग देणे. स्वतःच्या वास्तव्यासाठी केलेल्या रंगकामात घरमालकाची आवड निर्णायक असते. विक्रीपूर्व रंगकामात मात्र अद्याप अपरिचित असलेल्या खरेदीदाराचा विचार करावा लागतो. खोलीतील उजेड, तिचे आकारमान आणि भिंतींची स्थिती स्पष्ट दिसावी, हा या रंगकामाचा मुख्य हेतू होय. याच कामाचा उपयोग भिंतीतील दोष झाकण्यासाठीही केला जाऊ शकतो. त्यामुळे या विषयाला सौंदर्याबरोबरच कायदेशीर बाजूही आहे.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील जुन्या घरांत भिंतींना चुन्याची सफेदी देण्याची रीत होती. सफेदी पिवळट दिसू नये म्हणून चुन्यात थोडी नीळ मिसळली जाई, तर रंगीत भिंतींसाठी त्यातच रंगद्रव्ये घातली जात. पुढे डिस्टेंपर आणि त्यानंतर पाण्यात मिसळणारे इमल्शन रंग प्रचारात आले. विक्रीसाठी घराची मांडणी, सजावट व रंगकाम करून ते दाखवण्याची ‘होम स्टेजिंग’ ही व्यावसायिक पद्धत १९७० च्या दशकात अमेरिकेत सुरू झाली. मुंबई-पुण्यातील जुन्या सदनिकांच्या पुनर्विक्रीत या पद्धतीपैकी बहुधा रंगकाम तेवढे केले जाते.

छटेची निवड

विक्रीच्या घरासाठी सहसा हस्तिदंती, फिकट बदामी, फिकट राखाडी यांसारख्या सौम्य छटा निवडल्या जातात. या छटा सर्वांना आवडतात असे नाही. परंतु त्या नापसंत करणारे थोडे असतात आणि बहुतेक प्रकारचे सामान त्यांच्याशी जुळते. गडद रंगावर फिकट रंग चढवण्यास अधिक हात द्यावे लागतात. हा खर्च खरेदीदार मनात धरतो आणि किमतीच्या वाटाघाटीत तो पुढे करतो.

भिंत किती उजेड परत फेकते, हे ‘प्रकाश परावर्तन मूल्य’ या ० ते १०० च्या मापाने सांगितले जाते. पूर्ण काळ्या पृष्ठभागाचे मूल्य ०, तर आदर्श पांढऱ्या पृष्ठभागाचे १०० मानतात. दाटीवाटीच्या वस्तीतील तळमजल्याच्या खोलीस अधिक मूल्याची छटा उपयोगी पडते. मात्र अपुऱ्या उजेडात शुद्ध पांढरा रंग करडा व निस्तेज भासतो. अशा ठिकाणी किंचित पिवळसर झाक असलेला पांढरा रंग अधिक प्रसन्न दिसतो.

शेजारचा रंगही छटेवर परिणाम करतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल यूजीन शेव्हरल यांनी १८३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या परिणामाचे विवेचन केले आहे. तांबूस फरशीलगतची राखाडी भिंत किंचित हिरवट दिसते, ती याच कारणाने. म्हणून जी फरशी किंवा ओटा बदलावयाचा नाही, त्याच्याशी जुळवूनच भिंतीची छटा ठरवली जाते.

प्रकाश व नमुना

भारतात उत्तरेकडील खिडकीतून मुख्यत्वे आकाशाचा निळसर प्रकाश येतो, तर पश्चिमेकडील खोलीत सायंकाळी पिवळसर ऊन येते. सुमारे ६५०० केल्विनच्या एलईडी दिव्याखाली तीच छटा निळसर, तर ३००० केल्विनच्या दिव्याखाली पिवळसर भासते. शेडकार्डावरील लहान तुकडा फसवा असतो, कारण मोठ्या भिंतीवर रंग अधिक ठळक वाटतो. यासाठी भिंतीवर सुमारे दोन फूट लांबी-रुंदीच्या भागाला दोन हात देऊन, तो सकाळी, सायंकाळी आणि दिव्याच्या उजेडात पाहण्याची पद्धत आहे. चकाकी नसलेला रंग भिंतीचा उंचसखलपणा लपवतो; चकाकीचा रंग तो उघड करतो, पण पुसण्यास सोयीचा असतो.

ओल आणि पृष्ठभागाची तयारी

पावसाळ्यानंतर भिंतीवर दिसणारे डाग, पोपडे व क्षारांचे पांढरे थर ही ओलीची लक्षणे होत. गळकी नळजोडणी, बाहेरील गिलाव्यातील भेगा किंवा वरच्या मजल्यावरील न्हाणीघर ही त्यांची नेहमीची कारणे. कारण दूर न करता रंग दिल्यास पाणी नव्या थराखाली साचते आणि काही काळातच रंग फुगून सुटतो. संशयित जागी पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून एक दिवस ठेवल्यास, भिंतीतून निघणारी ओल त्याच्या आतील बाजूस थेंबांच्या रूपाने दिसते. कामाचा योग्य क्रम गळती थांबवणे, भिंत वाळू देणे, सुटलेला रंग खरवडणे, लांबी भरणे, घासणे, प्रायमर आणि शेवटी रंगाचे दोन हात असा आहे.

जुन्या रंगाच्या थरांत शिसे असू शकते. भारतात घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम २०१६ मध्ये करण्यात आले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून ते लागू झाले. त्यापूर्वीचे थर कोरडे घासल्यास उडणारी धूळ लहान मुलांना विशेष अपायकारक ठरू शकते. त्यामुळे ते ओले करून घासणे आणि धूळ ओल्या फडक्याने टिपून घेणे अधिक सुरक्षित असते.

कायदेशीर बाजू

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, विरुद्ध करार नसल्यास, विक्रेत्याला ठाऊक असलेला पण खरेदीदाराला ठाऊक नसलेला आणि सामान्य काळजी घेऊनही त्याला न आढळणारा महत्त्वाचा दोष उघड करणे विक्रेत्यास बंधनकारक आहे. गंभीर गळती जाणूनबुजून रंगाखाली दडवणे या कर्तव्याशी विसंगत ठरू शकते.

मर्यादा

रंगाने सदनिकेचे क्षेत्रफळ वाढत नाही किंवा बांधकामाचे आयुष्य बदलत नाही. इमारत लवकरच पुनर्विकासास जाणार असेल, तर खरेदीदाराचे लक्ष जुन्या भिंतींपेक्षा मिळणाऱ्या नव्या जागेकडे असते. तेथे रंगकामाचा खर्च व्यर्थ ठरू शकतो. केवळ एकाच भिंतीवरील ताजा रंग पाहून खरेदीदाराच्या मनात संशयही येतो. दुरुस्तीची देयके आणि कामापूर्वीची छायाचित्रे दाखवल्यास तो संशय दूर होण्यास मदत होते.