लहान मुलाचा जबडा: शस्त्रक्रिया आधी पडद्यावर

लहान मुलाच्या खालच्या जबड्यात मोकळी जागा जवळजवळ नसतेच. पाच वर्षांच्या मुलाचे खालचे 10 दुधाचे दात बाहेर दिसतात, पण त्याच वेळी हाडाच्या आत कायमच्या दातांचे डझनभर कोंब वाढत असतात. शिवाय ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस याच हाडातून जाते. कोंब दुखावला तर तो दात पुढे वाकडा येतो किंवा येतच नाही. म्हणून जबड्याची अवघड शस्त्रक्रिया आता अनेक ठिकाणी आधी संगणकावर करून पाहतात.

सुरुवात सीटी स्कॅनने होते. मिलिमीटरभर किंवा त्याहून पातळ कापांच्या चित्रांतून जबड्याचे त्रिमितीय रूप उभे राहते. हाड, नस आणि कोंब निरनिराळ्या रंगांत दाखवता येतात. हाड कुठे कापायचे, स्क्रू कुठे बसवायचे, हे हवे तितक्या वेळा तपासता येते. मग त्याच आराखड्यावरून जबड्याची हुबेहूब प्रतिकृती छापतात. तिच्यावर धातूची पट्टी आधीच वाकवून ठेवली की भुलीखालचा वेळ वाचतो.

याचा उपयोग पिएर रोबिन सिक्वेन्समध्ये चांगला दिसतो. पिएर रोबिन या फ्रेंच तज्ज्ञांनी 1923 मध्ये वर्णन केलेल्या या अवस्थेत बाळाचा खालचा जबडा फार लहान असतो, जीभ मागे पडते आणि श्वास अडतो. बाळाला पालथे झोपवून किंवा इतर साध्या उपायांनी भागले नाही, तर जबडा दोन्ही बाजूंनी कापून यंत्राने हळूहळू लांबवतात. ही पद्धत सोव्हिएत सर्जन इलिझारोव्ह यांनी हातापायांच्या हाडांसाठी विकसित केली. माणसाच्या खालच्या जबड्यावरील तिचे पहिले अनुभव न्यूयॉर्कच्या जोसेफ मॅकार्थी आणि सहकाऱ्यांनी 1992 मध्ये प्रसिद्ध केले. हाड साधारणपणे रोज 1 मिलिमीटर, तर नवजात बाळात 2 मिलिमीटरपर्यंतही सरकवतात. मधल्या फटीत नवे हाड भरते. कळीचा प्रश्न दिशेचा असतो. दोन्ही बाजूंची यंत्रे जुळली नाहीत तर जबडा तिरका सरकतो, आणि तो कोन आधी पडद्यावर पाहून ठरवणे केव्हाही बरे. मोठ्यांमध्ये कापण्याची दिशा दाखवणारा साचा दातांवर टेकवता येतो. नवजात बाळाला दातच नसल्याने तो थेट हाडाच्या कडेवर बसवावा लागतो.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत दिशा दाखवणाऱ्या यंत्रणेला नॅव्हिगेशन म्हणतात. अवजाराचे टोक स्कॅनमध्ये नेमके कुठे आहे ते पडद्यावर दिसते. पण खालचा जबडा हलतो. कवटीशी जुळवलेले चित्र जबडा हलताच चुकीचे ठरते. सांधा हाडाने जखडलेल्या मुलांमध्ये मात्र हीच अडचण उरत नाही, कारण तो जबडा हलतच नाही. भारतात हा आजार अनोळखी नाही. मूल हनुवटीवर पडते, कानापुढच्या सांध्याला मार लागतो, त्याकडे दुर्लक्ष होते आणि काही काळाने तोंड उघडेनासे होते. जखडलेले हाड कापताना वर कवटीचा तळ आणि आतल्या बाजूला मोठी रक्तवाहिनी असते. अवजार त्यांच्यापासून किती दूर आहे हे कळणे, हा नॅव्हिगेशनचा खरा फायदा. हाड सुटले की जबड्याची बाजू भरवशाची राहत नाही; कवटीची बाजू मात्र राहते.

मर्यादाही आहेत. मुलांना किरणोत्सर्गाचा धोका मोठ्यांपेक्षा अधिक असल्याने स्कॅन कमीत कमी मात्रेत आणि गरजेपुरताच करावा लागतो. अर्भकाची कवटी पातळ असल्याने डोके पक्के धरणारे टोकदार शिकंजे वापरता येत नाहीत. चुंबकीय क्षेत्रावर चालणारी यंत्रणा त्यांच्याशिवाय चालते, पण जवळच्या धातूच्या अवजारांनी तिची दिशा चुकू शकते. स्कॅन जुना झाला तर मधल्या काळात मूल वाढलेले असते.

सर्वांत मोठी मर्यादा वाढीचीच. संगणक हाड आज कुठे बसेल ते सांगतो. दहा वर्षांनी ते किती वाढलेले असेल, हे खात्रीने सांगू शकत नाही. म्हणून अशा मुलांची तपासणी वाढ पूर्ण होईपर्यंत चालू ठेवतात, आणि काहींना पुढे दुसरी शस्त्रक्रियाही लागते. जखडलेला सांधा मोकळा केलेल्या मुलाला तोंड उघडण्याचे व्यायाम लवकर सुरू करून अनेक महिने करावे लागतात. ते दुखतात, मूल टाळू पाहते, आणि घरच्यांनी ढिलाई केली तर सांधा पुन्हा जखडतो.