रूळ ओलांडण्याआधी

कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग १९९८ साली सुरू झाला. रत्नागिरी परिसरात आजही वाडीतली माणसं शेतावर जायला सरळ रूळ ओलांडतात. डोंगर कापलेल्या वळणावर, धो धो पावसात, गाडीचा आवाज ऐकूच येत नाही. आणि ब्रेक लावला तरी ती बरीच पुढे जाऊन थांबते.

कायदाही इथे कडक आहे. रेल्वे अधिनियम १९८९, कलम १४७: विनापरवाना रुळांवर गेल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बंद फाटक परस्पर उघडलं, तर कलम १६० खाली तीन वर्षांपर्यंत कैद. अपघात झाला, तर प्रवाशांसाठीची भरपाई पादचाऱ्याला मिळत नाही. ती हवी असेल, तर रेल्वेची हयगय न्यायालयात सिद्ध करावी लागते.

पादचारी पुलासाठी ग्रामसभेत ठराव करा. तो होईपर्यंत, वळसा पडला तरी आधीपासून असलेल्या पुलावरूनच जा.