ठाण्याच्या काजीपुढची साक्ष

इ.स. १३२१च्या एप्रिलमध्ये ठाण्यातल्या एका घरात नवरा-बायकोचं भांडण झालं. घर ख्रिस्ती होतं, पूर्वेकडच्या नेस्टोरियन पंथाचं. नवऱ्यानं हात उचलला म्हणून बायको फिर्याद घेऊन काजीकडे गेली. काजीनं साक्षीदार विचारले. तिनं घरी उतरलेल्या परदेशी पाहुण्यांकडे बोट दाखवलं.

हे पाहुणे चौघं होते. तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स आणि सिएनाचा पीटर हे फ्रान्सिस्कन संन्यासी, आणि तिफ्लिसचा देमेत्रियस हा त्यांचा दुभाषा. निघाले होते चीनला, पण मुक्काम पडला ठाण्यात. त्यांच्या सोबतचा पाचवा माणूस, डोमिनिकन संन्यासी जॉर्डानस, त्या वेळी किनाऱ्यानं पुढे गेला होता. पीटरला सामानापाशी ठेवून तिघं काजीकडे गेले. तिथं बायकोच्या माराचा विषय मागे पडला आणि धर्माचा वाद सुरू झाला. पैगंबरांविषयी तुमचं मत काय, असा थेट प्रश्न आला. थॉमसनं आधी उत्तर टाळलं. पुन्हा पुन्हा विचारल्यावर मात्र त्यानं मनातलं स्पष्ट सांगितलं. मग त्यांना भर उन्हात उभं केलं, जेम्सला आगीत लोटलं. वृत्तान्तकार सांगतो की जेम्स दोनदा आगीतून जसाच्या तसा बाहेर आला. ठाण्याच्या मलिकानं, म्हणजे तिथल्या अधिकाऱ्यानं, त्यांना आधी गुपचूप निघून जायला सांगितलं, पण काजीच्या दबावापुढे तो नमला आणि ९ एप्रिलच्या रात्री मारेकरी गेले. पीटर दोन दिवसांनी सापडला. तोही वाचला नाही.

मरणारे चार जण एवढ्यावर या घटनेचा अर्थ लागत नाही. त्यासाठी हजार-बाराशे वर्षं मागे, रोमन साम्राज्यात जावं लागतं. मरणापर्यंत साक्ष देण्याचा जो नमुना थॉमसच्या मनात होता तो तिथं घडला होता.

आपल्याकडे साधारण समजूत अशी की पहिली तीनशे वर्षं ख्रिस्ती माणसाला दिसेल तिथं सिंहापुढे टाकत. तसं नव्हतं. इ.स. ११२च्या सुमारास आशिया मायनरमधला प्रांताधिकारी प्लिनी यानं सम्राट ट्रेजनला पत्र लिहून विचारलं की या लोकांचं करायचं काय. आपली पद्धतही त्यानं कळवली: आरोपीला तीनदा विचारायचं, कबूल केलं तर शिक्षा, नाकारलं आणि सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप-मद्य वाहिलं तर सुटका. ट्रेजननं उत्तर दिलं की त्यांना शोधत फिरू नका आणि निनावी तक्रारी घेऊ नका. म्हणजे माणूस शिक्षेला पात्र ठरे तो बहुतेक वेळा स्वतःच्याच तोंडच्या शब्दानं, आणि त्याच शब्दानं तो सुटूही शके. आधीच्या कुठल्या गुन्ह्याचा पुरावा लागत नसे. प्रश्न एकच, आणि उत्तर चारचौघांत द्यायचं.

या प्रकारच्या खटल्याचं सगळ्यांत उघडंवाघडं टिपण उत्तर आफ्रिकेतलं आहे. १७ जुलै १८० रोजी कार्थेजमध्ये स्किली गावच्या बारा जणांना प्रांताधिकारी सॅटर्निनसपुढे उभं केलं. त्यांचा म्होरक्या स्पेराटस. पेटीत काय आहे, असं विचारल्यावर तो सांगतो की पुस्तकं आहेत, आणि पौल नावाच्या सज्जन माणसाची पत्रं. विचार करायला तीस दिवसांची मुदत देऊ केली जाते. ते नको म्हणतात. बायकांचीही उत्तरं नोंदली आहेत: डोनाटा, वेस्टिया, सेकुंडा. चमत्कार एकही नाही. दोन-तीन पानांचा मजकूर, पण माझ्या मते या विषयावरचं याहून मोलाचं दुसरं काही नाही, कारण इथं मरणाचं कौतुक कुणी करत नाही. जे खरं वाटतं ते विचारल्यावर सांगायचं, एवढीच त्यांची भूमिका.

पुढे २०३ साली त्याच कार्थेजमध्ये बावीस वर्षांची पर्पेतुआ मारली गेली. तिचं मूल अंगावर पीत होतं. तिनं तुरुंगात स्वतः लिहिलेलं टिपण टिकलं आहे: म्हातारा बाप पाया पडून विनवतो, मूल जवळ आणून दिलं की तुरुंग तिला महाल वाटतो. तिच्यासोबतची फेलिसितास ही दासी आठव्या महिन्यात तुरुंगातच बाळंत झाली.

असं मरण पुढं होऊन मागावं का? चर्चनं नाही म्हटलं, आणि फार लवकर म्हटलं. स्मिर्नाचा वृद्ध बिशप पॉलिकार्प १५५च्या सुमारास जाळला गेला. त्याच्या मंडळीनं लिहिलेल्या पत्रात क्विंटस नावाचा एक माणूस येतो. तो आपणहून हजर झाला, दुसऱ्यांनाही भरीला घातलं आणि श्वापदं दिसताच त्याचा धीर सुटून त्यानं सम्राटाची शपथ घेतली. पॉलिकार्प मात्र आधी गावाबाहेरच्या मळ्यात लपला होता, आणि पत्र त्याचंच वागणं योग्य ठरवतं. पकडायला आलेल्यांना त्यानं जेवू घातलं, आणि मग गेला.

त्याच पत्रात आहे की मंडळीनं त्याच्या अस्थी गोळा केल्या आणि दरवर्षी त्या दिवशी जमायचं ठरवलं. सिंदफणेच्या काठच्या आमच्या शिरूर कासारच्या वाचकाला हे वेगळं समजावायला नको. पुण्यतिथीचा सप्ताह, काल्याचं कीर्तन, शेवटी पंगत. भगवानगडापर्यंतचा सगळा मुलूख हेच करतो. कार्थेजचे ख्रिस्तीही थडग्यापाशी जमत, त्या माणसाची हकिगत वाचून दाखवत आणि एकत्र जेवत.

मला या इतिहासात सर्वांत जास्त धरून ठेवतात ते मात्र न मेलेले लोक. २४९-५०मध्ये सम्राट डेशियसनं हुकूम काढला की प्रत्येकानं देवांना बळी वाहून तसा दाखला घ्यावा. इजिप्तच्या वाळूत असे चाळीसहून अधिक दाखले पपायरसवर सापडले आहेत. अर्जदाराचं नाव, गाव, वय, कधी कधी अंगावरची खूणही. मग आपण नेहमीच बळी वाहत आलो आणि आत्ताही तुमच्यादेखत प्रसाद चाखला, असा मजकूर. खाली पाहणाऱ्यांच्या सह्या. तहसिलीतून दाखला काढणाऱ्याला ही भाषा परकी वाटणार नाही. हजारोंनी दाखले घेतले, काहींनी लाच देऊन मिळवले. संकट टळल्यावर हे सगळे चर्चच्या दारात परत आले. त्यांना आत घ्यायचं का? यावरून चर्च फुटायची वेळ आली. कार्थेजचा बिशप सिप्रियन स्वतः २५०मध्ये लपून बसला होता, त्यामुळे त्याला बोलही लागले. त्यानं प्रायश्चित्ताची वाट ठेवली, आणि १४ सप्टेंबर २५८ रोजी पळून न जाता मान पुढे केली. त्याआधी १७७मध्ये फ्रान्समधल्या ल्योंच्या तुरुंगातल्या लोकांनी, मोडून पडलेल्या सोबत्यांचा तिरस्कार न करता त्यांच्यासाठी प्रार्थना केली होती, आणि त्यांतले बरेच जण पुढच्या चौकशीत परत उभे राहिले. मारणाऱ्याचा द्वेष नाही आणि मोडणाऱ्याचा तिरस्कार नाही: त्या काळच्या साक्षीचं सत्त्व मला इथं दिसतं, मरणाच्या क्रूर तपशिलात नाही.

आता ठाण्याकडे. थॉमसनं आधी प्रश्न टाळला होता, हे त्यामुळेच महत्त्वाचं. तो क्विंटस नव्हता. जॉर्डानसनं परत येऊन मृतदेह सोपाऱ्याच्या चर्चमध्ये पुरले. अशोकाचा शिलालेख सापडला तेच हे सोपारा. जॉर्डानसची पत्रं आज उपलब्ध आहेत आणि त्यांत एकट्या उरलेल्या माणसाचं दुःख आहे. काही वर्षांत ओडोरिक हा प्रवासी आला, अस्थी काढून थेट चीनच्या झैतून बंदरापर्यंत घेऊन गेला. वर दिलेली हकिगत मुख्यतः त्याचीच. जॉर्डानस १३२९मध्ये कोल्लमचा बिशप झाला. मरायची संधी हुकलेल्या या माणसानं पुरलं, लिहिलं, काम चालू ठेवलं. ते लिहिलं नसतं तर चौघं कुणाला माहीत असते?

पुढे याच किनाऱ्यावरच्या वसईचा गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर मेला आणि १८६२मध्ये संत घोषित झाला, हे पुष्कळांना ठाऊक आहे. त्याहून अवघड प्रकरण गोव्यातल्या कुंकळ्ळीचं. जुलै १५८३मध्ये तिथं पाच जेझुइट मारले गेले. त्यांतला रुडॉल्फ अक्वाविवा त्याच वर्षी अकबराच्या दरबारातून परतला होता. त्यांच्यातल्याच पाचेकोनं सोबतच्या पोर्तुगीज गृहस्थाला बंदूक चालवू दिली नाही. मारणाऱ्याचा द्वेष नाही, या जुन्या नियमाला हे धरूनच. पण पाचेको आणि पाचांतलाच बेर्नो त्याआधी सैन्याबरोबर याच गावची देवळं पाडायला गेले होते. ज्याच्या पाठीशी फौज होती त्याची साक्ष आणि स्पेराटसची साक्ष मी एका मापानं मोजू शकत नाही, मग शेवटच्या घटकेला त्यांनी कितीही धीर दाखवलेला असो.

नंतर पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या गावकरांना बोलणी करू म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि ठार केलं. १८९३मध्ये पोप लिओ तेरावे यांनी पाच जेझुइटांना धन्य घोषित केलं. त्या दिवशी त्यांच्याबरोबर मेलेले स्थानिक ख्रिस्ती मात्र त्या घोषणेत नाहीत. त्यांत डॉमिनिक आणि अल्फोन्सो ही दोन पोरंही होती. गावकरांचं स्मारक आज कुंकळ्ळीत उभं आहे. बोलणीला विश्वासानं गेलेल्या त्या माणसांबद्दल आणि या दोन पोरांबद्दल चर्चच्या आणि गावाच्या इतिहासकारांनी एकत्र बसून लिहायला हवं.