घड्याळ त्यांचं, धावपळ आमची

पहाटे ५.२०

एवढ्या पहाटे फोन वाजला की कोणीतरी येणार नाही, हे नंबर बघायच्या आधीच कळतं. कसबा बावड्याची सकाळ सांभाळणाऱ्या पोराचा आवाज बसलाय, अंगात ताप आहे. त्याला रागवायचा प्रश्नच नाही, कारण ताप असताना कुणाला उचलायला जायचं नाही हे आम्हीच त्याला शिकवलंय. माझ्या वहीत प्रत्येक घरापुढे दोन नावं असतात, एक रोजचं आणि एक अडीनडीचं. बावड्यापुढचं अडीनडीचं नाव उचगावच्या नव्या मुलाचं आहे. त्यानं अजून एकट्यानं पाळी केलेली नाही. त्याला उठवतो. "सहाला बावड्यात ये, मीही येतोय."

माझं काम एवढंच, कोल्हापूर आणि आजूबाजूच्या गावांत आपापल्या घरी राहणाऱ्या अपंग माणसांकडे मदतनीस वेळेवर पोचवायचे. 'वेळेवर' ही यातली सगळ्यात अवघड बाब.

६.००

बावड्याचे भाऊ चाळिशीतले. मोटारसायकलवरून पडून मान मोडली, सहाव्या मणक्यापाशी. छातीखाली संवेदना नाही, हाताची बोटं हलत नाहीत. तळमजल्यावरच्या एका खोलीत भाड्यानं राहतात आणि व्यापाऱ्यांची जीएसटीची कामं करतात. आज वीस तारीख, म्हणजे महिन्याचं विवरणपत्र भरायचा शेवटचा दिवस. नऊला ते संगणकापुढे बसले नाहीत तर दंड व्यापाऱ्याला आणि शिव्या भाऊंना.

नवा पोरगा दारातच अवघडून उभा राहतो. भाऊ पलंगावरून म्हणतात, "ये की. लाजू नको, मी सांगतो तसं कर." पोट साफ करायचा कार्यक्रम दिवसाआड असतो आणि आज नेमका तोच दिवस. औषधाची गोळी आत, मग कमोडच्या खुर्चीवर पाऊण तास. घाई केली तर दुपारी कपडे खराब होतात आणि सगळा दिवस जातो.

खुर्चीवर घ्यायच्या आधीच भाऊंचं डोकं ठणकायला लागतं. कपाळावर घाम येतो, चेहरा लाल होतो. पोरगा माझ्याकडे बघतो. मी गप्प राहतो, कारण इथं बोलायचा मान माझा नाही.

"गोळी शोधू नको," भाऊ म्हणतात. "आधी मला ताठ बसव. पट्टा सैल कर. आता नळी बघ, मांडीखाली दुमडलीय का?"

दुमडलीच होती. लघवी पिशवीत उतरायच्या ऐवजी आतच तुंबली होती. इतक्या वरच्या मणक्याला इजा असली की शरीराला खालची कळ कळत नाही, पण रक्तदाब मात्र झपाट्यानं चढतो. वेळीच कारण सापडलं नाही तर जिवावर बेततं. नळी सरळ केली, पिशवी भरायला लागली आणि थोड्या वेळात भाऊंचा चेहरा निवळला. पोरग्याचे हात अजून थरथरत होते.

"शिकलास. आता च्या ठेव," भाऊंनी फर्मावलं.

मदतनिसाला माणूस स्वतः शिकवतो, आणि ते तसंच असावं असं मला वाटतं. आम्ही वर्ग घेतो, पाठ न मोडता उचलायचं कसं ते दाखवतो. पण या शरीराला काय लागतं याचा जाणकार एकच, तो त्या शरीरात राहणारा. ज्या घरात मदतनीसच साहेब होतो, तिथं माणूस पुन्हा दवाखान्यातला पेशंट होऊन बसतो.

आंघोळीनंतर कातडी तपासायची. पूर्वी आरसा धरायचो, आता मोबाइलवर फोटो काढून भाऊंनाच दाखवतो. बैठकीच्या हाडावर थोडी लाली दिसते. बोटानं दाबली की पांढरी पडते आणि सोडली की परत येते, तोवर ठीक. दाबूनही लालच राहिली तर त्या बाजूवर बसायचं बंद, कितीही तारखा असोत. अशा डागाचा बेडसोअर झाला की माणसं महिनेच्या महिने पालथी पडून काढतात.

चहा भाऊ स्वतः पितात. मनगट वर उचललं की बोटं आपसूक आत मिटतात. त्या पकडीत मोठ्या कानाचा मग बरोबर बसतो. नव्या पोरग्यानं मग हातात धरून तोंडाला लावायला नेला, तर भाऊंनी मान फिरवली.

९.१५

भाऊ संगणकापुढे, मी रस्त्यावर. वाटेत दोन फोन. रंकाळ्याजवळच्या आजोबांकडे मावशी पोचल्या. शाहूपुरीतल्या अंध जोडप्याच्या दारात कुणीतरी परत दुचाकी आडवी लावलीय. शेजारच्या दुकानदाराला फोन केला, त्यानं ती हलवली. असे दुकानदार कुठल्याच योजनेत नसतात.

१०.३०

राजारामपुरीतल्या ताईंबरोबर बँकेत. ताईंना जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. बोलणं अडखळत, हात मर्जीनं उडतो, डोकं मात्र लख्ख. दहावीच्या मुलांना गणित शिकवतात, तेही व्हॉट्सअ‍ॅपवर एका बोटानं टाइप करून. सही दर वेळी वेगळी येते म्हणून बँकेनं चेक परत केलाय.

खिडकीपलीकडचे साहेब माझ्याकडे बघून विचारतात, "यांना काय पाहिजे?" अशा वेळी मी एक युक्ती करतो. पाठ फिरवून भिंतीवरचे व्याजदर वाचायला लागतो. मग साहेबांचा नाइलाज होतो आणि ते ताईंकडे वळतात.

साहेब म्हणतात, पालकांना घेऊन या. ताई एकेचाळीस वर्षांच्या आहेत. त्या पिशवीतून कागद काढतात. सही करता येत नसेल तर दोन साक्षीदारांसमोर अंगठा किंवा खूण चालते, त्यातला एक साक्षीदार बँकेचाच असतो, हा रिझर्व्ह बँकेचाच नियम. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १३ म्हणतं की स्वतःचे आर्थिक व्यवहार स्वतः बघायचा हक्क दिव्यांगांना इतरांइतकाच आहे. साहेब आत जातात, बऱ्याच वेळानं बाहेर येतात. अंगठा लागतो.

बाहेर आल्यावर ताई म्हणतात, "आज नीट गेलं. गेल्या खेपेला रडले होते." मग रिक्षावाला खुर्चीची घडी घालून मागे कोंबायला लागतो, तेव्हा त्याला ओरडतात. हा कोंबण्याचा आवाज त्यांना सगळ्या बँकांपेक्षा जास्त छळतो.

१२.४५

तहसील कचेरी. हयातीचे दाखले, उत्पन्नाचे दाखले, युडीआयडी कार्डांच्या झेरॉक्स. याबद्दल जास्त लिहीत नाही. ज्यांनी रांग धरलीय त्यांना माहीत आहे आणि ज्यांनी धरली नाही त्यांना सांगून पटणार नाही.

१.३०

डबा सायकलवाल्याच्या दुकानात खातो, कारण तिथं कामही असतं. चाकाच्या खुर्चीचं मागचं चाक बहुधा चोवीस इंची, लहान मुलांच्या सायकलीला लागतं तसलं. त्यामुळे ट्यूब, पंक्चर, स्पोक ही सगळी कामं इथं होतात. पुढचं छोटं चाक मात्र छळतं. त्यात केस आणि दोरे गुंडाळले जाऊन बेअरिंग बसतं आणि खुर्ची एका बाजूला ओढते. मामा टोकदार हुकानं केसांची गुंडी बाहेर ओढतात आणि प्रत्येक वेळी तोच विनोद करतात, "ह्यात एक विग होईल." खुर्ची मोडली की आमचा माणूस घरात अडकतो. म्हणून मामा आमची खुर्ची आली की दुसऱ्या सगळ्या सायकली बाजूला सारतात.

३.००

एका मुलीनं हॉस्टेल सोडून स्वतंत्र खोली घ्यायची ठरवलीय. कोल्हापूरला या गोष्टीचा जुना इतिहास आहे. स्वतः चाकाच्या खुर्चीवर असलेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये इथं 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' उभी केली. गावोगावच्या घरांत कोपऱ्यात पडून राहिलेली मुलं त्या हॉस्टेलमुळे शाळेत गेली, नोकरीला लागली. त्यांच्यानंतरची ही पिढी आता म्हणते की आम्हाला उपिटाऐवजी पोहे पाहिजेत आणि तेही अकराला. हॉस्टेलच्या वेळापत्रकात ते बसत नाही. मागणी क्षुल्लक वाटेल, पण अमेरिकेत बर्कलीला १९७२ मध्ये एड रॉबर्ट्स आणि त्यांच्या मित्रांनी पहिलं स्वतंत्र जीवन केंद्र काढलं, तेव्हा मागणी याच जातीची होती. आपण कुठं आणि कुणाबरोबर राहायचं हे आपणच ठरवायचं. आपल्या कायद्याचं कलम ५ हेच सांगतं.

खोली चांगली आहे, पण ओटा पंधरा इंच उंच. रॅम्पचा उतार एकास बारा पाहिजे, म्हणजे पंधरा फूट लांबी. समोरची गल्ली आठ फूट. घरमालक काका म्हणतात, "दोन फळ्या टाका की." दोन फळ्यांवरून खुर्ची मागे उलटते, हे तोंडी सांगून पटत नाही. त्यांनाच खुर्चीत बसवतो आणि फळीवर चढवायला लागतो. अर्ध्या वाटेवर काका दोन्ही हातांनी चाकं पकडतात, "उतरव, उतरव!"

मग बाजूच्या बोळातून वळणाचा रॅम्प निघतो, मध्ये पाच फूट चौरस सपाट जागा सोडून. चकचकीत फरशी नको, खरखरीत सिमेंट. खर्च निम्मा निम्मा. मुलगी अटी घालते, "काका, रॅम्पवर कुंड्या ठेवायच्या नाहीत." काका नाराजीनं मान हलवतात. कुंड्यांचा विचार डोक्यात होताच, हे चेहऱ्यावरून दिसलं.

५.३०

करवीर तालुक्यातलं एक गाव. सेंट्रिंगच्या कामावर पडून पोराची कंबरेखालची ताकद गेली. दवाखान्यातून नुकताच घरी आलाय. पोरगा भिंतीला टेकून बसलेला आणि आई त्याला घास भरवतेय. ती मला एकच विचारते, "आमच्या माघारी ह्याचं कोण बघणार?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नसतं, म्हणून भाऊंना व्हिडिओ कॉल लावतो. विवरणपत्रं गेलेली, मूड चांगला.

भाऊ पोराला विचारतात, "तुझ्या हातांना काय झालंय?"

"काय नाही."

"मग आई का भरवतीया? माझी बोटं चालत नाहीत, तरी मी माझं खातो. वहिनी, ताट त्याच्या मांडीवर द्या."

आई माझ्याकडे बघते. मी पुन्हा भिंत वाचायला लागतो. ताट मांडीवर जातं. पोरगा दोन घास खातो आणि तिसऱ्याला थांबून भाऊंना विचारतो, "लघवीचं तुम्ही कसं करता?" त्यानं हे आजवर कुणाला विचारलं नव्हतं. मी आईला घेऊन बाहेर ओट्यावर येतो. आत अर्धा तास बोलणं चालतं.

८.३०

हिशेब. मदतनिसांचा पगार कुठून काढायचा, हा या सगळ्या कामाचा खरा अडसर. भाऊ कमावतात म्हणून देतात. ताईंना शिकवणीतून अर्धाच परवडतो, उरलेला देणग्यांतून. कायद्यात यावर कलमं आहेत. जास्त आधार लागणाऱ्यांनी तो मागावा असं कलम ३८ मध्ये आहे, काळजीवाहकाचा भत्ता कलम २४ मध्ये. पण सरकारची ऐपत बघून, अशी फट त्या २४ मध्येच ठेवलीय. केरळात 'आश्वासकिरणम्' नावाची योजना काळजी घेणाऱ्याच्या हातात दरमहा पैसे देते. मला तो पैसा त्या अपंग माणसाच्याच हातात गेलेला जास्त आवडेल, म्हणजे मदतनीस कोण ठेवायचा आणि कोणाला काढायचं हे त्यानं ठरवावं. आम्हालाही काढावं, वेळ आलीच तर.

९.४०

उद्याची वही लावतो. तापवाला पोरगा अजून दोन दिवस येणार नाही. उचगावच्या मुलाचा मेसेज आलाय, 'उद्या एकटा जातो, भाऊ पण हो म्हणाले.'

त्यातच ताईंचा निरोप, एका बोटानं टाइप केलेला. शनिवारी मैत्रिणींबरोबर शेवटच्या शोला जायचंय. परत यायला साडेबारा होतील. तेव्हा झोपवायला कुणी आहे का?

मावशींची पाळी नऊला संपते. रात्री साडेबाराला यायला तयार बाई मिळणं सोपं नाही आणि तिला घरी सोडायला रिक्षाही बघावी लागेल. 'दुपारचा शो बघा की' हे वाक्य टाइप करून खोडतो. 'हो' लिहून पाठवतो आणि मावशींच्या थोरल्या सुनेला फोन लावतो.