संगणकाला ताप का येतो?

एप्रिल-मे महिन्यात शाळेच्या संगणक कक्षातून एक तक्रार हमखास ऐकू येते. संगणक नीट सुरू होतो, अर्धा तास चालतो, मग संथ होतो किंवा एकदम बंद पडतो. थोडा वेळ थांबून पुन्हा सुरू केला की चालू लागतो. अशा वेळी विषाणूवर संशय घेतला जातो, सगळी माहिती पुसली जाते, प्रसंगी संगणक मोडीतही निघतो. पण ‘गार झाल्यावर चालतो’ हेच लक्षण बोलके आहे. हा रोग बहुधा उष्णतेचा असतो आणि त्याचे निदान करायला शालेय पुस्तकातील विज्ञान पुरते.

उष्णता येते कोठून?

प्रोसेसरमध्ये कोट्यवधी सूक्ष्म ट्रान्झिस्टर असतात. त्यांच्या प्रत्येक उघडझापेत थोडी विद्युत ऊर्जा खर्च होते आणि जवळजवळ सगळीच उष्णतेत बदलते. १९८५ साली आलेल्या ८०३८६ या प्रोसेसरला डोक्यावर पंखा लागत नसे. १९९३ सालचा पहिला पेंटियम सुमारे १५ वॅट घेई. आज ६५ वॅट ही साधी गोष्ट झाली आहे. हा आकडा एका जुन्या बल्बएवढाच, मग अडचण कोठे आहे?

अडचण जागेची आहे. १००० वॅटच्या शेगडीची तबकडी १८ सेंटिमीटर व्यासाची धरली तर तिचे क्षेत्रफळ सुमारे २५० चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ४ वॅट. प्रोसेसरची सिलिकॉनची चकती दीड चौरस सेंटिमीटरची धरली तर तेथे दर चौरस सेंटिमीटरला ४३ वॅट! शेगडीच्या दहापट दाटीने तयार होणारी ही उष्णता सतत बाहेर काढावी लागते.

उष्णतेची वाट

ही उष्णता चकतीतून वरच्या धातूच्या झाकणात, तेथून पेस्टच्या पातळ थरातून अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा तांब्याच्या पात्यांमध्ये, पात्यांतून पंख्याच्या हवेत आणि शेवटी पेटीबाहेर खोलीत जाते. वाटेतील प्रत्येक टप्पा थोडा अडथळा करतो.

येथे ओहमचा नियम आठवा. विद्युतप्रवाहाच्या जागी उष्णतेचा प्रवाह घ्या आणि विभवांतराच्या जागी तापमानातील फरक. मग,

तापमानातील फरक = वॅट × उष्णतेचा रोध

संपूर्ण वाटेचा रोध दर वॅटला ०.६ अंश धरू. ६५ वॅटला फरक ३९ अंश. खोलीत ३० अंश असतील तर प्रोसेसर ६९ अंशांवर राहील. ही चिंतेची बाब नाही. आता पात्यांत धूळ साचून रोध १ झाला असे समजा. फरक ६५ होईल आणि प्रोसेसर ९५ अंशांवर जाईल. त्यात नागपूरच्या उन्हाळ्यात खोलीच ४२ अंशांवर गेली तर उत्तर येते १०७! बहुतेक प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोचताच स्वतःचा वेग कमी करतात. तरीही तापमान चढत राहिले तर यंत्र बंद होते. संथ होणे आणि बंद पडणे या स्वसंरक्षणाच्या दोन पायऱ्या आहेत.

निदान असे करा

तापमान दाखवणारे एखादे मोफत सॉफ्टवेअर संगणकात घाला. लिनक्समध्ये ‘सेन्सर्स’ ही आज्ञा हेच काम करते. खोलीचे तापमान साध्या तापमापकाने मोजून लिहा. मग संगणकाला एखादी मोठी चित्रफीत रूपांतरित करायला द्या आणि दर अर्ध्या मिनिटाला नोंद करा.

तापमान कसे चढते ते महत्त्वाचे. ४०० ग्रॅम अ‍ॅल्युमिनियमचे तापमान १ अंशाने वाढवायला सुमारे ३६० ज्यूल लागतात. ६५ वॅट म्हणजे सेकंदाला ६५ ज्यूल, म्हणून पाती एक अंश तापायला साडेपाच सेकंद घेणारच. काम सुरू होताच १५-२० अंशांची उडी नेहमीची आहे. पण दोन-तीन सेकंदांत पारा ९० च्या पुढे गेला तर उष्णता पात्यांपर्यंत पोचतच नाही. म्हणजे पेस्ट वाळली आहे किंवा पाती सैल बसली आहेत. उलट तापमान दहा-पंधरा मिनिटे सावकाश चढत राहिले तर दोष हवेच्या वाटेत, म्हणजे धूळ, मंदावलेला पंखा किंवा कोंदट पेटी यांत शोधावा.

पुढची चाचणी: पेटीची बाजूची फळी काढून तेच काम पुन्हा द्या. तापमान बरेच उतरले तर पेटीत हवा खेळत नाही. फारसा फरक पडला नाही तर दोष पात्यांत किंवा पेस्टमध्ये आहे.

उपाय

आत हात घालण्यापूर्वी वीज बंद करून तार काढा आणि पेटीच्या धातूला स्पर्श करून अंगावरील स्थिर विद्युतभार जाऊ द्या. विद्युतपुरवठ्याचा डबा मात्र कधीही उघडू नका.

धूळ मऊ, कोरड्या ब्रशने किंवा ब्लोअरने काढा. वर्गात खडू वापरला जात असेल तर ती अधिकच साचते. त्या वेळी पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा, कारण हवेने जोरात फिरल्यास त्याचे बेअरिंग बिघडू शकते. पाती धरून ठेवणाऱ्या खिळ्या चारही बाजूंनी घट्ट बसल्या आहेत का ते पाहा.

पेस्ट बदलायची तर जुनी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तुरीच्या दाण्याएवढी नवी लावावी. जास्त पेस्ट म्हणजे जास्त गारवा, हा गैरसमज आहे. तांबे हवेच्या सुमारे पंधरा हजारपट चांगले उष्णतावाहक आहे. धातूच्या दोन पृष्ठभागांमधील बारीक खाचांतली हवा हटवणे एवढेच पेस्टचे काम. जाड थर स्वतःच अडथळा होतो.

पेटी टेबलाच्या बंद कप्प्यात कोंडू नका. मागे भिंतीपासून वीतभर जागा सोडा. पुढून हवा आत, मागून बाहेर अशी पंख्यांची दिशा हवी. आणि खोलीचीही खिडकी उघडा, कारण खोली जितके अंश उतरेल तितकेच अंश प्रोसेसरही उतरेल.

साफसफाईपूर्वीचा आणि नंतरचा आलेख विद्यार्थ्यांकडून एकाच कागदावर काढून घ्या. दोन रेषांमधील अंतर म्हणजे काढलेल्या धुळीचा रोध. तो किती, हे वरच्या सूत्राने त्यांनाच काढू द्या. आलेख उतरूनही संगणक बंद पडत असेल तर उष्णता निर्दोष ठरली. मग विद्युतपुरवठ्याकडे वळावे.