सुईणीला सांगावा

घरचं बाळंतपण म्हटलं की आपल्याला सिनेमा आठवतो: वादळी रात्र, कंदील, दाराबाहेर येरझाऱ्या घालणारा बाप आणि ‘पाणी तापवा’ अशी हाक. मालवणजवळच्या देवबाग, सर्जेकोट, तळाशील या पट्ट्यातल्या सत्तरी ओलांडलेल्या बायकांशी बोलत बसलं की या चित्राचा पार निकाल लागतो. त्यांचं बाळंतपण ही अचानक उडालेली धांदल नव्हती. ते काही महिने आधीपासून आखलेलं काम होतं, आणि आखणी पूर्णपणे बायकांच्या हातात होती. मला या विषयाचं वेड लागून बरीच वर्षं झाली. लोक मालवणला किल्ला बघायला आणि मासे खायला येतात. मी पडवीवर बसून कळांच्या गोष्टी ऐकते. (मासेही खाते.)

आखणीची सुरुवात सुईणीला सांगावा धाडण्यापासून. सातवा महिना लागला की पान-सुपारी, नारळ घेऊन घरातली मोठी बाई तिच्याकडे जायची. सुईण एकच आणि वाड्या तीन-चार, त्यामुळे कुणाची वेळ कधी भरते याचा हिशेब तिला डोक्यात ठेवावा लागे. तारखा नव्हत्याच, ‘नारळी पुनवेच्या आगेमागे’, ‘चवथीत’, ‘शिमग्याआधी’ अशी तिची वही. ती येऊन पोट चाचपून जाई. डोकं खाली आलंय का, हे तिच्या बोटांना कळे.

मग सरपण. पावसाळ्यात वेळ भरणार असेल तर वैशाखातच लाकडं, चुडतं, नारळाची सोडणं माळ्यावर चढत, कारण पुढचे चाळीस दिवस बाळंतिणीला आणि बाळाला कढत पाण्याची आंघोळ, बाजेखाली शेगडी आणि ओवा-वेखंडाची धुरी लागणार. जुनी, मऊ झालेली लुगडी धुऊन, उकळून, उन्हात वाळवून बाजूला ठेवायची. कातबोळ, बाळंतशेपा, हळीव, डिंक आधीच आणून ठेवायचे.

आणि होडी! ही गोष्ट मला फार उशिरा कळली, कारण ती कुणाला सांगण्यासारखी वाटतच नव्हती. तळाशील म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. समोरचं सर्जेकोट होडीनं हाकेच्या अंतरावर, पण रस्त्यानं जायचं तर आचऱ्याकडून भला मोठा वळसा. बाई अडली तर मालवण गाठायला होडीच. तिथल्या एका आजीनं सांगितलं, नववा लागला की सासू रोज संध्याकाळी दिराला बजावायची, होडी वर ओढू नको, पाण्यातच बांध. ओहोटीच्या वेळी चिखलातून होडी पाण्यात ढकलायला चार गडी लागतात, आणि रात्री दोन वाजता चार गडी कुठून आणायचे? आज प्रसूतितज्ज्ञ ज्याला जोखमीची पूर्वतयारी म्हणतात, ती त्या बाईनं एका दोरखंडात उरकली होती.

बाळंतिणीच्या खाण्यावर मी स्वतंत्र लेख लिहू शकते, पण संपादक आवरतील, म्हणून फक्त मोरीबद्दल सांगते. मोरी म्हणजे लहान शार्क. कोकणच्या किनाऱ्यावर ही बाळंतिणीची हक्काची मासळी. तिनं दूध वाढतं अशी पक्की समजूत. तिची कातडी पॉलिशपेपरसारखी खरखरीत. कढत पाणी ओतून सुरीनं खरवडली की ती वाळूसारखी निघते. बाळंतिणीसाठी तिखट कमी, मिरी-लसूण जास्त असं पातळ सार आणि ऊन भात. दूध वाढतं ते बाळाला वारंवार पाजल्यानं, असं डॉक्टर सांगतात आणि ते खरंच आहे. पण ज्या घरात एरवी सून सगळ्यांच्या शेवटी जेवायची, त्या घरात मोरीची पहिली वाटी तिच्यापुढे येई, याचं मोल मी कमी धरणार नाही.

आता माझा सगळ्यात लाडका विषय: पायाळू. पायाकडून जन्मलेलं मूल पायाळू. कमरेत उसण भरली की अशा माणसाला बोलावून त्याचा पाय पाठीला लावून घ्यायचा. कळ जाते म्हणतात. त्याला गुप्तधन दिसतं, पावसात त्याच्यावर वीज पडते, अशाही समजुती. माझ्या लहानपणी आमच्या वाडीत एक पायाळू काका होते आणि भातलावणीच्या दिवसांत त्यांच्या पायाला जरा उसंत नसे. मला यात वेगळंच काही दिसतं. दिवस भरलेल्या शंभर बाळांपैकी तीन-चार अशी उलटी असतात. म्हणजे गावोगावचा पायाळू हा तिथल्या सुईणीच्या हाताचा चालताबोलता दाखलाच होता. डोकं शेवटी अडकण्याचा धोका असलेलं बाळ तिनं जिवंत बाहेर काढलं होतं. जे बाहेर आले नाहीत, त्यांची आठवण ठेवणारी प्रथा मात्र कुठेच नाही. 2000 साली ‘लॅन्सेट’मध्ये पायाळू बाळंतपणांवरची मोठी आंतरराष्ट्रीय चाचणी छापून आली, ठरवून केलेलं सिझेरियन बाळासाठी अधिक सुरक्षित ठरलं आणि जगभर तीच रीत पडली. त्यामुळे पायाळूंची जमात संपत आली आहे. पुढच्या पिढीनं उसण भरल्यावर फिजिओथेरपिस्टकडे जावं.

बाकीचा इतिहास भरभर सांगते. आनंदीबाई जोशींचं बाळ दहा दिवसांत गेलं, त्या अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि 1886 साली त्यांनी प्रबंध लिहिला तो हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. स्वातंत्र्यानंतर सरकारनं दाईंना प्रशिक्षण दिलं; स्वच्छ हात, जागा, पातं, दोरा आणि नाळ ही त्याची पंचसूत्री. नाळेतून होणारा धनुर्वात पहिल्या एक-दोन आठवड्यांत बाळ न्यायचा. सटवीच्या रात्रीची जागरणं उगाच नव्हती. 2015 मध्ये भारतातून या आजाराचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’नं गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवून नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी केले, ते 1999 साली प्रसिद्ध झालं. 2005 मध्ये जननी सुरक्षा योजना आली, आशाताई आल्या, नंतर 102 आणि 108 च्या गाड्या आल्या. 2005-06 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली सुमारे 65 टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती, 2019-21 मध्ये जवळपास 95 टक्के. सुईणीची वही बंद झाली.

पण बायकांची बैठक बंद झाली नाही. अंगणवाडीत आरोग्य दिनाला गरोदर बाया, लेकुरवाळ्या, त्यांना सोडायला आलेल्या सासवा आणि आज्या जमतात. वजन, लोहाच्या गोळ्या, लसी हे उरकलं की खरं बोलणं सुरू होतं. अलीकडे त्यात एखादी मुंबई-पुण्याहून आलेली सून असते, जिनं पाण्यातल्या प्रसूतीचे व्हिडिओ पाहिलेले असतात आणि जिला घरीच बाळंत व्हायचं असतं. ती मोठ्या आशेनं आज्यांकडे बघते. आज्या तिची पुरती निराशा करतात.

‘‘आमका खंय आवड होती गो?’’ एक आजी म्हणाली. ‘‘दुसरा काय नव्हता म्हणान घरात.’’ तिच्या जावेचं बाळंतपण सुखरूप झालं होतं, वारही पडली, आणि मग रक्त थांबेना. ‘‘होडी मालवणाक लागासर ती गेली.’’ भरतीची वेळ होती, होडी पाण्यात होती, सगळं आखल्याप्रमाणे होतं.

त्या सुनेला मी इंग्लंडचं उदाहरण दिलं. तिथे 2011 साली धोका कमी असलेल्या हजारो बाळंतपणांचा अभ्यास झाला. आधी बाळंत झालेल्या बायकांना घरी बाळंत होण्यात बाळाला जास्तीचा धोका दिसला नाही, पण पहिलटकरणींना दिसला, आणि त्यांतल्या शंभरात पंचेचाळीस जणींना घरातून दवाखान्यात हलवावं लागलं. हेही कुठे? जिथे प्रशिक्षित मिडवाइफ घरी येते आणि रुग्णवाहिका वेळेवर पोचते तिथे. आपल्याकडे ओरोसच्या जिल्हा रुग्णालयातूनही अवघड केस कित्येकदा गोव्याला, बांबोळीला जाते. माझं मत स्पष्ट आहे: या किनाऱ्यावर आज घरी बाळंत होऊ नये.

मग त्या सुनेचं म्हणणं वेडेपणाचं होतं का? मुळीच नाही. पहिल्या खेपेला तिला खाटेवर आडवं पाडून ठेवलं होतं, आई दाराबाहेर, आणि ओरडली म्हणून बोलणी खाल्ली. तिला घर हवं होतं ते यासाठी. हे ऐकल्यावर आज्यांचा सूर पालटला. टाके, सलाइन, कात्री, यातलं काही त्यांना खटकलं नाही. ‘‘एकटीक ठेवतत?’’ एवढंच त्या पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या. त्यांना कळा यायच्या तेव्हा कुणी दोराला धरून उभी, कुणी उकिडवी, पाठीशी एक बाई गुडघा टेकवून बसलेली. 2018 च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशींतही हेच आहे: सोबतीला तिच्या पसंतीचं माणूस आणि तिला सोयीची वाटेल ती बैठक.

आशाताईनं मग सांगितलं की सरकारी दवाखान्यात प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायला केंद्र सरकारनं 2016 सालीच मान्यता दिली आहे. वॉर्डात गेल्यावर मागायचं. मुख्य अट अशी की ती बाई असावी आणि तिनं स्वतः प्रसूती अनुभवलेली असावी.

आजीनं पदर खोचला. ‘‘माझी पाच झाली. चलात मां?’’